बातमी आणि तिचा धनी

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत एक ओळ छापलेली असते. हें पत्र अमुक मालकांकरितां अमक्यांनीं अमुक छापखान्यांत छापून अमुक ठिकाणीं प्रसिद्ध केलें, एवढाच तिचा आशय. १८६७ सालच्या कायद्यानें छापणाराचें व प्रसिद्ध करणाराचें नांव देणें सक्तीचें झालें, आणि पुढें ही ओळ आपल्या पत्रांच्या अंगवळणीं पडली. वाचणारे ती क्वचितच वाचतात. तरीपण मजकूर कोणाच्या दारांतून आपल्याकडे आला, हें जाणण्याची सोय तेथें असते. दूरचित्रवाणीच्या बातम्यांना असा तळ नाहीं. बातम्या सांगणारी व्यक्ति रोजच्या ओळखीची होते, तिचा आवाज घरच्यासारखा वाटूं लागतो. पण तिला वेतन कोण देतो, त्याचे दुसरे धंदे कोणते, कोणत्या पक्षाशीं त्याचें सख्य आहे आणि कोणाशीं वैर, हें पडद्यावर कधीं येत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें या न दिसणाऱ्या धन्याविषयीं.

उदाहरणाकरितां मी तामिळनाडूकडे जाणार आहें. हा रोग तेवढ्या एका राज्यांतच आहे असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. मालकी, पक्ष आणि बातमी यांची गांठ आपल्या देशांत सर्वत्र कमीअधिक पडलेली आहे. परंतु इतरत्र ती पडद्याआड असते, तेथें ती तीस वर्षें उघड्यावर आहे. ज्या रोग्याच्या अंगावर लक्षणें स्पष्ट उमटलीं असतील, त्याच्याचपाशीं वैद्यकीचा विद्यार्थी आधीं बसतो, तसेंच हें.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. आपल्याकडे दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षें पडद्याचा धनी एकच होता, आणि तो म्हणजे सरकार. त्या काळच्या बातम्या सरकारकडे झुकलेल्या असत, यांत गुपित कांहींच नव्हतें. मंत्र्यानें कोनशिला बसविली कीं ती बातमी, आणि विरोधी पक्षाची मोठी सभा भरली तरी ती बहुधा बातमी नव्हे, हा हिशोब शाळकरी मुलालाहि ठाऊक होता. पक्षपात होता, पण त्याच्यावर शिक्का मारलेला होता. ऐकणारा आपल्या मनाशीं तेवढी वजावट करून घेई. १९९१ नंतर उपग्रहावरून खाजगी वाहिन्या घरांत येऊं लागल्या, तेव्हां पुष्कळांना सुटल्यासारखें वाटलें. एका धन्याच्या जागीं अनेक धनी आले म्हणजे बातमी आपोआप मोकळी होईल, अशी त्या दिवसांतली श्रद्धा होती.

या श्रद्धेला न्यायालयाचाहि आधार मिळाला, पण एका अटीसह. क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा आणि केंद्र सरकारचा तंटा सर्वोच्च न्यायालयापुढें गेला होता. त्याचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं लागला. त्यांतलें मुख्य निकालपत्र आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांचें आहे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिचा वापर लोकहितासाठीं एखाद्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखालीं व्हावा, असें न्यायालयानें सांगितलें. मक्तेदारी सरकारची असो वा खाजगी व्यक्तीची, ती विचारस्वातंत्र्याला सारखीच मारक, हें त्या निकालाचें तात्पर्य. सरकारची मक्तेदारी संपली, हा त्यांतला अर्धा भाग देशानें आनंदानें उचलला. उरलेला अर्धा कागदावरच राहिला. खाजगी वाहिन्यांच्या कारभारावर देखरेख करणारें आणि सरकारपासून स्वतंत्र असें प्राधिकरण, न्यायालयाच्या मनांत होतें तसें, अद्यापि अस्तित्वांत आलेलें नाहीं.

आतां तामिळनाडूची हकीकत ऐका. १४ एप्रिल १९९३ रोजीं, तामिळ नववर्षाच्या मुहूर्तावर, सन टीव्ही ही वाहिनी सुरू झाली. तिचे संस्थापक कलानिधि मारन. त्यांचे वडील मुरासोली मारन हे द्रविड मुन्नेत्र कळघम, म्हणजे द्रमुक, या पक्षाचे दिल्लींतले प्रमुख पुढारी, आणि पक्षाध्यक्ष करुणानिधि यांचे भाचे. पक्षाची निशाणी उगवता सूर्य, आणि वाहिनीच्या इंग्रजी नांवाचा अर्थहि सूर्यच. करमणुकीचे कार्यक्रम लोकांना आवडत, म्हणून ती सर्व पक्षांच्या घरांत पाहिली जाऊं लागली, आणि बातम्या त्या करमणुकीच्या पाठीवर बसून आंत आल्या. डिसेंबर १९९६ मध्यें, द्रमुकचें सरकार असतांना, माजी मुख्यमंत्री जयललिता यांना अटक झाली. त्यांच्या घरांतले दागिने, साड्या आणि पादत्राणें यांचीं चित्रें या वाहिनीनें घरोघर पोंचविलीं. प्रतिपक्षानें या प्रकारावरून जो बोध घेतला तो पाहण्यासारखा आहे. बातमी निःपक्षपाती असावी, असें त्याला वाटलें नाहीं. आपलीहि एक वाहिनी असावी, असें वाटलें. १९९९ सालीं जया टीव्ही निघाली.

दोन्हीं बाजूंचीं शस्त्रें तयार झाल्यावर लढाईचा दिवस लौकरच उगवला. मे २००१ मध्यें जयललिता पुन्हां सत्तेवर आल्या. ३० जूनच्या उत्तररात्रीं, दोन वाजण्याच्या सुमारास, चेन्नईंत पोलिसांनीं सत्त्याहत्तर वर्षांच्या करुणानिधींना त्यांच्या घरांतून अटक करून नेलें. शहरांतल्या उड्डाणपुलांच्या बांधकामांत सुमारें १२ कोटी रुपयांचा अपहार झाला, असा आरोप होता. सन टीव्हीचा छायाचित्रकार तेथें पोंचला होता. वृद्ध पुढाऱ्याला पोलीस ओढीत आहेत, आणि आपल्याला मारून टाकीत आहेत असा आक्रोश तो करीत आहे, हें चित्र त्या वाहिनीनें पुनःपुन्हां दाखविलें. देश हादरला, राज्यपाल फातिमा बीबी यांना पद सोडावें लागलें. पण त्याच घटनेचें दुसरें चित्रहि होतें. जया टीव्हीवर जें दिसलें त्यांत मुरासोली मारन आणि टी. आर. बालू हे केंद्रीय मंत्री पोलिसांशीं धक्काबुक्की करतांना दिसत होते.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबूं या. या दोन चित्रांपैकीं खोटें कोणतें? दोन्हीं त्याच रात्रीचीं, त्याच माणसांचीं. यंत्रानें जें पाहिलें तें टिपलें. असत्य शिरलें तें निवडींत. कोणती मिनिटें ठेवावयाचीं, कोणतीं गाळावयाचीं, आणि ठेवलेलीं किती वेळां दाखवावयाचीं, हें ठरविणारा हात धन्याचा होता. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, दोन्हीं चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं तरी मूळ प्रश्नाचें उत्तर त्यांत सांपडत नाहीं. पूल बांधले गेले ते कोणत्या भावानें? ठेका कसा दिला? १२ कोटींचा आंकडा कोणीं आणि कशावरून काढला? चेन्नईच्या करदात्याला हें कळणें अगत्याचें होतें. ओढाताणीच्या चित्रांत पूल कोठेंच नव्हते.

पक्षपाती वाहिन्यांचें समर्थन करतांना नेहमीं एक युक्तिवाद केला जातो. तो असा कीं, एक वाहिनी या बाजूची, दुसरी त्या बाजूची. दोहोंचें ऐकावें, बेरीज करावी, सत्य हातीं येतें. मी आयुष्यभर मुलांना गणित शिकविलें, म्हणून या बेरजेबद्दल मला दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे. बेरीज पुरी होण्यासाठीं सर्व रकमा पाटीवर मांडलेल्या असाव्या लागतात. जी रक्कम दोघांनींहि मांडली नाहीं ती उत्तरांत कोठून येणार? प्रतिपक्षाचा दोष सांगण्यास दोन्हीं वाहिन्या तत्पर असतात, हें खरें; परंतु जी गोष्ट दोन्हीं धन्यांना अडचणीची असते ती दोघांच्याहि पाटीबाहेर राहते. आणि प्रेक्षकहि दोन्हीं बाजू ऐकतो असें थोडेंच आहे? बहुधा तो आपल्या मनाला रुचेल ती वाहिनी लावतो आणि दुसरीला शिव्या देतो. भांडणारीं दोन घरें एकाच आळींत असावीं, पण त्यांना ठाऊक असलेलें जग मात्र वेगवेगळें असावें, अशी ही स्थिति आहे.

आतांपर्यंत मी चित्र बनविणाऱ्यांबद्दल बोललों. त्या काळीं चित्र घरांत येई तें बहुधा तारेनें, आणि त्या तारेलाहि धनी असतो. उपग्रहावरून आलेल्या सर्व वाहिन्या एका मोठ्या केंद्रांत उतरवून घेतल्या जातात. तेथून त्या गल्लींतल्या केबलवाल्याकडे आणि मग आपल्या घरीं येतात. जुन्या पद्धतींत एका तारेंतून मोजक्याच वाहिन्या स्वच्छ जात. कडेच्या जागा ज्यांच्या वांट्याला येत, त्यांच्या चित्रांत मुंग्या दिसत. तेव्हां केंद्र ज्याच्या हातीं, त्याला प्रतिस्पर्ध्यावर बंदी घालण्याचीहि गरज नव्हती. त्याला मुंग्यांच्या वारुळांत ढकलून दिलें कीं काम भागलें. चेन्नईंत असें सर्वांत मोठें केंद्र सुमंगली केबल व्हिजन या कंपनीचें होतें, आणि ती मारन यांच्याच समूहांतली. २००४ पासून २००७ पर्यंत कलानिधींचे बंधु दयानिधि मारन केंद्र सरकारांत दळणवळण खात्याचे मंत्री होते. २००६ सालीं द्रमुक पुन्हां सत्तेवर आला तो घरोघर रंगीत दूरचित्रवाणी-संच फुकट देण्याचें वचन देऊन, आणि तें वचन त्यानें लक्षावधि घरांत पाळलें. संच पक्षाच्या सरकारचा, तार पुढाऱ्याच्या आप्ताची, आणि तारेंतून येणारी बातमीहि त्याच आप्ताची. इतकी सोय झाल्यावर प्रेक्षकानें फक्त पाहत बसावयाचें उरलें.

प्रतिपक्षानें या तारेवरहि नजर ठेवलीच होती. जानेवारी २००६ मध्यें जयललितांच्या सरकारनें मोठीं केबल-जाळीं सरकारजमा करण्याचें विधेयक विधानसभेंत मंजूर करून घेतलें. तें अमलांत येण्यापूर्वींच मे महिन्यांत सरकार बदललें. पुढें २००७ सालीं करुणानिधींच्याच सरकारनें अरसु केबल नांवाचें महामंडळ काढलें. अरसु म्हणजे सरकार. आपल्याच आप्ताच्या धंद्याविरुद्ध सरकारी धंदा काढण्याची पाळी त्यांच्यावर कां आली, हें समजण्यासाठीं त्या वर्षाच्या मे महिन्याकडे पाहिलें पाहिजे.

दिनकरन हें तामिळ दैनिक तेव्हां मारन यांच्या समूहाकडे आलेलें होतें. करुणानिधींचा राजकीय वारस म्हणून लोकांची पसंति कोणाला, याविषयीं एक कौल त्या पत्रानें ९ मे २००७ रोजीं छापला. त्यांत धाकट्या मुलाला, स्टालिन यांना, मोठी पसंति होती, आणि मदुराईंत वास्तव्य असलेल्या थोरल्या मुलाला, अळगिरी यांना, अगदींच थोडी. त्याच दिवशीं मदुराईंत चिडलेल्या जमावानें त्या पत्राच्या कचेरीवर हल्ला करून आग लावली. आंत अडकलेले तीन कर्मचारी मरण पावले. त्यांपैकीं दोघे संगणकाचें काम पाहणारे होते आणि तिसरा पहारेकरी. वारस कोण व्हावा, कौल छापावा कीं नाहीं, यांतलें कांहींहि ठरविणें त्यांच्या हातीं नव्हतें. ते नोकरीवर आले होते.

त्या आगीनंतर दोन घराणीं दुरावलीं. दयानिधींना मंत्रिपद सोडावें लागलें. आणि चौदा वर्षें आपल्या वाहिनीच्या जोरावर वावरलेल्या पक्षाला एके दिवशीं सकाळीं उमगलें कीं, आपल्याला वाहिनीच नाहीं. सन टीव्ही पक्षाची कधींच नव्हती. ती मारन यांची होती. म्हणून घाईघाईनें कलैग्नर टीव्ही काढण्यांत आली, आणि १५ सप्टेंबर २००७ रोजीं ती सुरूहि झाली. सरकारी अरसु केबलचा जन्म याच रागांतून झाला. डिसेंबर २००८ मध्यें दोन्हीं घराण्यांचा समेट झाला, आणि त्यानंतर तें महामंडळ निपचित पडलें. २०११ सालीं जयललिता पुन्हां मुख्यमंत्री झाल्या तेव्हां त्यांनीं त्याला संजीवनी दिली आणि महिना ७० रुपयांत केबल देऊं केली. लोकांचें बिल कमी झालें, ही गोष्ट चांगलीच. पण तारेची किल्ली एका घराण्याच्या कनवटीची निघाली ती सरकारच्या कमरेला गेली, एवढाच तो फेरफार होता.

मदुराईच्या खटल्यांत डिसेंबर २००९ मध्यें खालच्या न्यायालयानें सर्व आरोपींना सोडून दिलें. मार्च २०१९ मध्यें मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानें तो निकाल फिरवून नऊ जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. तोंपर्यंत बारा वर्षें होत आलीं होतीं. मधल्या काळांत धन्यांचें भांडण झालें, धन्यांचा समेट झाला. त्या तीन घरांनीं समेट कोणाशीं करावा?

हीच कथा दुसऱ्या बाजूलाहि घडली. ५ डिसेंबर २०१६ रोजीं जयललिता निवर्तल्या. पक्षांत फूट पडली, आणि जया टीव्ही ज्यांच्या हातीं होती त्या शशिकला यांच्या कुटुंबाचें आणि नव्या सत्ताधाऱ्यांचें बिनसलें. ज्या वाहिनीवर पक्षाचे अनुयायी वर्षानुवर्षें विसंबले होते ती आतां त्यांच्याच सरकारविरुद्ध बोलूं लागली. शेवटीं नोव्हेंबर २०१८ मध्यें अण्णाद्रमुकच्या पुढाऱ्यांना न्यूज जे ही दुसरी वाहिनी काढावी लागली. अकरा वर्षांच्या अंतरानें दोन प्रतिस्पर्धी पक्षांना एकच अनुभव यावा, यांत योगायोग नाहीं. पक्षाची वाहिनी असें आपण सैलपणें म्हणतों. वस्तुतः वाहिनी धन्याची असते. धन्याचें आणि पक्षाचें जुळतें तोंवर ती पक्षाची दिसते.

अशा या प्रदेशांत प्रेक्षकाला दुसरें कांहीं हवें होतें काय? होतें, असें दिसतें. २०११ सालीं पुतिय तलैमुरै, म्हणजे नवी पिढी, या नांवाची बातम्यांची वाहिनी निघाली. कोणत्याहि बड्या पक्षाची पताका न घेतां बातमी सांगूं, असा तिचा पवित्रा होता, आणि थोड्याच काळांत ती फार लोकप्रिय झाली. तिच्या संस्थापकांच्या खाजगी शिक्षणसंस्थांचा मोठा व्याप होता, आणि त्यांनीं स्वतःचा एक लहान राजकीय पक्षहि काढलेला होता, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. तेव्हां त्या वाहिनीवर बातमी पाहणारानें कोणत्या विषयाशीं आल्यावर कान अधिक टवकारावे, हें उघड आहे. तरीपण दोन्हीं छावण्यांना कंटाळलेला श्रोता मोठ्या संख्येनें आहे, आणि त्याला जरासें मोकळें दार दिसलें तर तो तिकडे जातो, एवढें या उदाहरणानें सिद्ध केलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपण रोज ज्या मराठी वृत्तवाहिन्या पाहतों त्यांचे धनी कोण? एबीपी माझा ही कलकत्त्याच्या आनंदबाजार समूहाशीं जन्मापासून निगडित. झी २४ तास झी समूहाची. साम ही सकाळ समूहाची. न्यूज१८ लोकमत ही लोकमत आणि नेटवर्क१८ यांच्या भागीदारीची. त्यांतला नेटवर्क१८ समूह २०१४ सालीं रिलायन्सच्या ताब्यांत गेला. तेल, दूरध्वनि, किराणा अशा नाना धंद्यांचा पसारा असलेलें तें घराणें आहे. डिसेंबर २०२२ मध्यें एनडीटीव्ही ही जुनी वृत्तसंस्था अदानी समूहाकडे गेली. बंदरें, वीज आणि विमानतळ हे त्या समूहाचे मुख्य व्यवसाय. तेथील नामांकित हिंदी वृत्तनिवेदक रवीश कुमार यांनीं मालकी बदलण्याच्या त्या दिवसांतच नोकरी सोडली. मी येथें कोणावर आरोप करीत नाहीं. धन्याचा हितसंबंध आहे म्हणून प्रत्येक बातमी खोटी, असें मानणें हा आळस आहे. परंतु तो कोठें आहे हें ठाऊक नसणें, हाहि आळसच.

येथें एक फरक लक्षांत घेण्यासारखा आहे. ज्याचा वर्तमानपत्र हाच एकमेव धंदा, त्याचें पोट वाचकाच्या विश्वासावर चालतें. विश्वास उडाला कीं चूल विझली. ज्याच्या शंभर धंद्यांत बातमी हा एक लहानसा धंदा, त्याला ती तोट्यांतहि परवडते, कारण तिचा उपयोग दुसरीकडे होतो. शिवाय बातमी गोळा करणें खर्चाचें काम आहे. गडचिरोलीला माणूस पाठवावयाचा तर गाडी, छायाचित्रकार आणि चार दिवस पाहिजेत. त्यापेक्षां स्टुडिओंत चार खिडक्यांत चार डोकीं बसवून त्यांना तासभर भांडूं देणें किती स्वस्त! म्हणून पक्षपात हा केवळ मतांचा प्रश्न नाहीं, काटकसरीचाहि आहे. मत फुकट मिळतें, बातमीला पैसे पडतात. आणि एकाच धन्याच्या दहा भाषांतल्या दहा वाहिन्यांना एकाच कचेरींतून विषय पुरविले गेले, तर धुळ्यांत आणि धारवाडांत एकाच संध्याकाळीं एकाच गोष्टीवर आरडाओरडा ऐकूं यावा, यांत नवल काय?

मराठी पत्रसृष्टीला पक्षाभिमान नवा नाहीं. आपले मोठे संपादक मतें असलेलेच होते, आणि तीं त्यांनीं कधीं लपविलीं नाहींत. केसरीचे पहिले संपादक आगरकर. समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशीं मतभेद विकोपाला गेले, तेव्हां १८८७ सालीं त्यांनीं केसरीचें संपादकत्व सोडलें, आणि १८८८ सालीं सुधारक हें आपलें पत्र काढलें. हें त्यांना शक्य झालें, कारण निर्धन पण निर्धाराच्या माणसालाहि तेव्हां पत्र काढतां येत होतें. आज एखाद्या वृत्तसंपादकाला आपल्या धन्याचें धोरण पटलें नाहीं, तर त्यानें उपग्रह कोठून आणावा, आणि गांवोगांवची तार कोणाच्या पायां पडून मिळवावी? इंटरनेटवर जाऊन बोलणाऱ्यांनीं थोडी वाट काढली आहे; पण तेथेंहि व्यासपीठ परक्या कंपनीचें असतें. मत असणें हा दोष नव्हे. मताला बातमीचें सोंग देणें हा दोष, आणि ज्याला तें सोंग मान्य नाहीं त्याला बाहेर पडण्यास दारच न उरणें, हें संकट.

यावर कायद्याचा उपाय सुचविला गेलेलाच नाहीं असें नाहीं. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें १२ ऑगस्ट २०१४ रोजीं माध्यमांच्या मालकीविषयीं शिफारशी सरकारला सादर केल्या. राजकीय पक्ष, धार्मिक संस्था आणि सरकारें यांना प्रक्षेपणाच्या धंद्यांत येऊं देऊं नये. एकाच बाजारपेठेंत वर्तमानपत्र आणि वाहिनी दोहोंवर एकाच घराण्याचें वर्चस्व होऊं नये. मालकीची माहिती उघड असावी. देखरेख स्वतंत्र संस्थेनें करावी, असा त्यांचा सारांश. दहा वर्षें उलटून गेलीं, आणि या शिफारशींचा कायदा झाला नाहीं. कोणत्याहि पक्षाच्या वाहिनीवर त्यासाठीं आरडाओरडा झाल्याचें मला आठवत नाहीं. दोन्हीं धन्यांना अडचणीची गोष्ट दोघांच्याहि पाटीबाहेर राहते, असें मी मघाशीं म्हटलें तें याचसाठीं.

मग आपण घरांत बसून काय करावें? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आपल्याला एक शिस्त घालून दिली आहे. बखर कितीहि रसाळ असो, ती कोणीं, केव्हां आणि कोणाच्या आश्रयानें लिहिली हें पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबूं नये, आणि अस्सल कागद मिळेल तेथें कागद पाहावा. पडद्यावरची बातमी ही आजची बखर आहे. तिलाहि हीच कसोटी लावावी. ज्या वाहिन्या घरांत लागतात त्यांच्या धन्यांचीं नांवें घरांतल्या मोठ्या मुलांना ठाऊक असावींत. अमुक घडलें आणि अमुक म्हणाले, या दोन क्रियापदांतला भेद त्यांना ऐकतां ऐकतां करतां यावा. आणि एक आठवडाभर एक लहानसा अभ्यास घरांत करून पाहावा. रोज रात्रीं दोन वाहिन्यांच्या पहिल्या तीन बातम्या वहींत दोन रकान्यांत लिहाव्या, आणि तिसरा रकाना मोकळा ठेवावा. सकाळीं वर्तमानपत्रांतून, शेजाऱ्यांकडून, मंडईंत, कचेरींत जें कळेल, आणि जें दोन्हीं वाहिन्यांनीं सांगितलेलें नसेल, तें त्या तिसऱ्या रकान्यांत भरावें. नळाला पाणी कां नाहीं, शाळेंत शिक्षक कां नाहीं, पुलाचा ठेका कोणाला गेला, असल्याच गोष्टी तेथें पुष्कळशा जमतील.

आठवड्याच्या अखेरीस तो तिसरा रकाना घरांतल्या सर्वांनीं मिळून वाचावा. मत देण्याची वेळ येईल तेव्हां पहिल्या दोन रकान्यांपेक्षां तोच अधिक उपयोगी पडेल.